डाव्या हाताची चिठ्ठी

“शालनताई, आज तुम्ही माझ्या डावीकडे बसा,” मोहिले साहेब म्हणाले. “उजवा कान पार बंद झालाय. या नागपूरच्या थंडीनं मला खाल्लं.”

त्यांनी उजव्या कानात कापसाचा हा एवढा बोळा कोंबला होता आणि वरून मफलर. सभागृहात अधिकाऱ्यांसाठी कोपऱ्यात बाकं असतात. तिथे आम्ही दोघं कायम एकाच पद्धतीनं बसायचो. साहेब माझ्या डावीकडे, मी कडेला आणि माझ्या उजव्या हाताला शिपायांची जायची-यायची वाट. त्या दिवशी आम्ही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. साहेब माझ्या उजवीकडे आले आणि वाट डावीकडे गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. डोक्यात दुसऱ्याच गोष्टी होत्या.

मी तेव्हा सरकारच्या घरबांधणी खात्यात कक्ष अधिकारी होते. मोहिले साहेब उपसचिव, म्हणजे माझे वरिष्ठ. हिवाळी अधिवेशन आलं की फायलींच्या ट्रंका भरायच्या आणि मुंबईहून सगळं बिऱ्हाड नागपूरला न्यायचं. सभागृहात एखाद्या आमदारानं उलटा प्रश्न विचारला की मंत्र्यांना लगेच उत्तर द्यावं लागतं आणि मंत्र्यांना सगळं थोडंच ठाऊक असतं! मग आम्ही गुडघ्यावर पॅड ठेवून भराभर चिठ्ठी लिहायची, शिपायाच्या हाती द्यायची आणि तो ती खाली मंत्र्यांच्या हातात नेऊन द्यायचा. मंत्री तावातावानं जे सांगतात, त्यातलं निम्मं असं गुडघ्यावर लिहिलेलं असतं.

आता या लिहिण्यातही एक कसब असतं. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’, ‘देऊ’, ‘अमुक तारखेपर्यंत होईल’ असं काही म्हटलं की त्याचं आश्वासन होतं. मग आमदारांची एक समिती ते वाक्य कामकाजातून नेमकं उचलते आणि खात्याच्या हात धुऊन मागे लागते. का नाही केलं, केव्हा करता, सचिवांना बोलवा. त्यामुळे खात्यात शहाणा अधिकारी तो, ज्याच्या उत्तरातून आश्वासन निघत नाही. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. ‘पाठपुरावा सुरू आहे.’ ‘संबंधितांशी समन्वय साधण्यात येत आहे.’ ‘बाब प्रगतिपथावर आहे.’ अकरा वर्षांत माझ्या टेबलावरून एकही आश्वासन बाहेर पडलं नव्हतं. नव्या लोकांना साहेब सांगायचे, “उत्तर कसं लिहायचं ते गवाणकरबाईंकडून शिका.” मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

पण मोहिले साहेब घाबरट असले तरी कामाला पक्के होते. मंत्र्यांना गोल उत्तर गेलं तरी खरं काय ते आपल्याला माहीत हवं, असा त्यांचा आग्रह. म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला दोन चिठ्ठ्या लिहायची. एक मंत्र्यांसाठी, ती उजव्या हातानं वाटेकडे द्यायची. दुसरी साहेबांसाठी, तिच्यात खरं ते लिहिलेलं असायचं आणि ती डाव्या हातानं त्यांच्याकडे सरकवायची. डोळे आमदारांवर, कान अध्यक्षांकडे आणि हात आपापलं काम करत असायचे.

त्या दिवशीची लक्षवेधी सूचना करंजखेडची होती. गाव लहानसं, नदीकाठचं. नदीवर मोठा पूल झाला, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यात एकशे शहाऐंशी घरं गेली. त्या लोकांना सहा महिन्यांसाठी म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. त्या सहा महिन्यांना नऊ वर्षं झाली होती. मधल्या काळात आमच्या खात्यानं नदीपलीकडे त्यांच्यासाठी पक्की घरं बांधली. आधीच्या मंत्र्यांनी समारंभ करून चाव्याही वाटल्या. त्यालाही तीन वर्षं होऊन गेली होती. पण घरांना पाणी नव्हतं. पाण्याचा पाइप पुलावरून न्यायचा होता आणि पाइप आम्ही टाकायचा की पाणीवाल्या खात्यानं, यावर दोन खात्यांत पत्रापत्री चालू होती. पाणी नाही म्हणून राहायला परवानगी नाही. ही फाइल पहिल्या दिवसापासून माझ्याच टेबलावर होती. तिच्यावर आधी तीनदा प्रश्न आले आणि तिन्ही उत्तरं मीच लिहिली होती.

सकाळी कँटीनमध्ये चहा घेत होते, तेव्हा एक बाई समोर येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. काटक, अंगावर जुना स्वेटर, हातात प्रेक्षक गॅलरीचा पास. शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी तिला माझ्याकडे बोट दाखवलं असावं.

“बाई, तुम्ही घरबांधणीच्या सायेब हाय का?”

“साहेब नाही. काय काम आहे?”

“मी इंदूबाई ढोके. करंजखेडवरून आलो. आमचे डहाके आमदार आज आमच्या घराचं बोलणार हायेत. त्यायनं पास देला.” ती न विचारता समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. “आज काय सांगतीन वं मंत्री?”

मंत्री काय सांगणार ते माझ्या पर्समध्ये टाइप करून ठेवलेलं होतं. “ते मला कसं माहीत असणार?” मी म्हटलं.

“आमी दर आयतवारी जातो थ्या घराकडं,” ती म्हणाली. “चावी हाय ना आमच्यापाशी. कुलूप खोलतो, झाडतो, ओटा पुसतो. पाणी घरून नेतो कळशीत. अन् मंग कुलूप लावून वापस येतो शेडात. तीन वर्षं झाले, एक आयतवार खाली नाही गेला. मायी पोरगी म्हणते, आई, आपण त्या घराच्या मोलकरणी हाओत काय?”

मी हसले. तीही हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “आमाले पाणी आजच द्या असं नाही म्हणत बाई. तारीख सांगा फक्त. तारीख असली का माणूस कसाबी दम धरते.”

मी घड्याळ पाहिलं आणि उठले. चहा अर्धाच राहिला. वरच्या मजल्यावर येऊन करंजखेडच्या अभियंत्याला फोन लावला, कारण साहेबांना खरं काय ते सांगावं लागणार होतं. तिसऱ्यांदा लागला.

“पाइप कुठे आहेत?” मी विचारलं.

“आपल्याच आवारात पडले हायेत मॅडम. दोन पावसाळे काढले त्यायनं.”

“मग काम का होत नाही?”

“पाणीवाल्यांचं एक पत्र पाह्यजे, पुलावरून पाइप न्यायची हरकत नाही म्हणून. थे भेटलं तं दोन महिन्यांचं काम. एकतीस मार्चच्या आत पाणी सोडून दाखवतो.”

“हे लेखी कळवलंय का तुम्ही?”

“सात वेळा.”

ती सातही पत्रं माझ्या फायलीत होती. मी त्यांच्यावर ‘सादर’ लिहून सही केलेली होती. सभागृहात जाऊन बसले तरी मन ठिकाणावर नव्हतं. एक तर इंदूबाई समोरच्या गॅलरीत पहिल्याच रांगेत दिसत होती, स्वेटरसकट. दुसरं म्हणजे जानेवारीत अवर सचिवांच्या बढतीची यादी लागायची होती आणि तिच्यात माझं नाव तिसरं होतं. टायपिस्ट म्हणून लागले तिथपासून एकोणीस वर्षांनी. यादी लागेपर्यंत नावाला साधा ओरखडाही उठू द्यायचा नव्हता. मी पॅडचं कव्हर उघडत होते, मिटत होते. साहेबांनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

अध्यक्षांनी सूचना पुकारली. आमचे मंत्री निंबोरे साहेब उठले. नवीनच मंत्री झालेले, गोल चेहऱ्याचे, खणखणीत आवाजाचे. मी लिहिलेलं निवेदन त्यांनी वाचलं. पाठपुरावा सुरू होता, समन्वय साधण्यात येत होता, बाब प्रगतिपथावर होती.

डहाके आमदार उभे राहिले. उंच, किडकिडीत माणूस, आवाज कधी चढायचा नाही. “अध्यक्ष महोदय, या लोकांकडे चाव्या आहेत, घरं आहेत. नळाला पाणी नाही एवढंच. मंत्री महोदयांनी आत्ता जे वाचलं, तेच दोन वर्षांपूर्वी आधीच्या मंत्र्यांनी वाचलं होतं. अक्षर न अक्षर. माझ्याकडे त्याची प्रत आहे. मला लांब उत्तर नको. पाणी कोणत्या तारखेला मिळेल, ते सांगा.”

विरोधी बाकांवरून आवाज सुरू झाले. “तारीख सांगा! तारीख सांगा!” निंबोरे साहेबांनी मागे वळून आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ एकच असतो.

मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. मंत्र्यांसाठी लिहिलं, ‘दोन्ही विभागांत समन्वय साधण्यात येत असून बाब अंतिम टप्प्यात आहे.’ साहेबांसाठी लिहिलं, ‘पाइप आपल्याच आवारात. पुलावरून नेण्यास पाणी खात्याचे पत्र हवे, एवढेच. ३१ मार्चपूर्वी पाणी देऊन घरांचा ताबा देता येईल, अभियंता तयार.’ डोळे डहाक्यांवर होते. डाव्या बाजूनं शिपाई येऊन उभा राहिला, म्हातारा डोमाजी. गोंगाट वाढला होता. माझ्या दोन्ही हातांनी अकरा वर्षांची आपली सवय पाळली. उजव्या हातातली चिठ्ठी उजवीकडे गेली, डाव्या हातातली डावीकडे.

मोहिले साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे झुकले. “शालनताई, ‘अंतिम टप्प्यात’ हे मला कशाला लिहून देता? खरं काय आहे?”

तेवढ्यात खालून निंबोरे साहेबांचा आवाज घुमला.

“अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांना तारीख हवी आहे ना? घ्या तारीख. पाइप आमच्या आवारात येऊन पडलेले आहेत. फक्त एका पत्राचा प्रश्न आहे. एकतीस मार्चपूर्वी पाणी देऊन या सर्व कुटुंबांना घरांचा ताबा दिला जाईल!”

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग बाकं वाजायला लागली. आधी विरोधकांची, मग मंत्र्यांच्या मागची. निंबोरे साहेब त्या आवाजानं असे फुलले की त्यांनी तारीख पुन्हा एकदा सांगितली. डहाके खाली बसले, पुन्हा उठले, “मी मंत्री महोदयांचे आभार मानतो,” एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. अध्यक्षांनी पुढची सूचना पुकारली.

मोहिले साहेबांनी कानातला बोळा काढला, जणू त्यामुळे ऐकलेलं खोटं ठरणार होतं. “हे काय झालं?” ते पुटपुटले. “हे काय झालं हो?” मी वर गॅलरीकडे पाहायचं टाळलं.

दुपारी अडीच वाजता मंत्र्यांच्या दालनात आम्हाला बोलावणं आलं. निंबोरे साहेब आतल्या खोलीत होते. फोनवर कुणाची तरी समजूत काढत असल्याचा आवाज बाहेर येत होता. आमच्याशी बोलले ते त्यांचे खाजगी सचिव अरगडे. माणूस गोड बोलणारा, म्हणून जास्त धोक्याचा.

“पाणीवाले मंत्री भडकलेत,” अरगडे म्हणाले. “आमच्या खात्याच्या वतीनं तारीख देणारे तुम्ही कोण, असं म्हणतात. पक्ष वेगळा, त्यातून मानपानाचा प्रश्न. आपल्या साहेबांना उद्या सकाळी सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करावं लागेल.”

“तारीख मागे घ्यायची?” मोहिल्यांनी विचारलं.

“मागे नाही हो, दुरुस्त करायची. तारीख दिलीच नाही, असं तर म्हणता येत नाही. मात्र विभागाची आतली, न तपासलेली टिपणी अधिकाऱ्याकडून अनवधानानं मंत्र्यांकडे गेली, म्हटलं की संपलं. त्यासाठी बाईंचा खुलासा लागेल. दोन ओळींचा. पाचपर्यंत द्या.” मग माझ्याकडे वळून ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “घाबरू नका. चूक कुणाच्याही हातून होते. साहेबांनी मला सांगितलंय, तुमच्या बढतीला याचा काही त्रास होणार नाही.”

“आणि चुकून गेली असं नसेल तर?” मी विचारलं. का विचारलं, ते आजही सांगता यायचं नाही.

अरगडे हसले. “तर ते विभागाचं अधिकृत उत्तर होतं. माहितीही बरोबर. मग दुरुस्ती कसली करणार? केली तर डहाके उद्याच हक्कभंग आणतील. पण तसं काही नाही ना? मोहिले साहेब, तुम्ही शेजारीच होतात.”

मोहिल्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नाही, म्हणजे, घाईच होती,” ते म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाशी नेलं. “लिहून टाका. मला निवृत्तीला आठ महिने राहिलेत आणि तुमचं सगळं पुढे आहे. घडलं तेच तर लिहायचंय. खोटं थोडंच सांगतोय आपण?”

तेच तर होतं. मला खोटं लिहायला कुणी सांगत नव्हतं. चिठ्ठी खरोखरच चुकून गेली होती. मी टेबलाशी जाऊन कागद घेतला. ‘अनवधानाने’ एवढा एक शब्द लिहिला आणि पेन खाली ठेवलं. उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. कागद चुरगळला, दुसरा घेतला. त्यावर तारीख घातली. समोरच्या टेबलावरच्या सहायकानं विचारलं, “मॅडम, बरं नाही का?” मी त्याच्यावर उगाच खेकसले आणि बाहेर पडले.

आवाराच्या फाटकाबाहेर एसटीडीच्या टपरीपाशी इंदूबाई उभी होती. तिनं मला पाहिलं आणि लांबूनच हात केला. टाळून जावं असं मनात होतं, पण पाय तिकडेच वळले.

“आयकलं ना तुम्ही? एकतीस मार्च!” ती जवळजवळ ओरडलीच. “मी आत्ता गावात फोन लावला. डाक्टरच्या दवाखान्यात फोन हाय, तेथून समद्यायले बोलावून आणलं. लोकं गूळ वाटून राह्यले. मा’या पोरीचा भरवसाच नाही बसला. म्हणे, आई, कागदावर हाय का? म्या म्हटलं, बेटा, मंत्री बोलला भर सभेत, त्याले आता गिळता थोडंच येते!”

“हं,” मी म्हटलं.

“तुमाले काऊन आनंद नाही झाला बाई?” तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. “तुमचंच खातं ना?”

“झाला ना. कामाची घाई आहे,” असं काहीतरी म्हणून मी मागे फिरले. फाटकापर्यंत पोचेपर्यंत मला इतका राग आला होता की पासही नीट दाखवता येईना. अरगड्यांचा राग होता, पाणीवाल्यांचा होता, त्या फुललेल्या निंबोरे साहेबांचाही होता. पण सगळ्यात जास्त माझाच होता. आज सभागृहात पहिल्यांदा माझ्या अक्षरातलं काहीतरी कुणाच्या उपयोगी पडलं होतं आणि नेमकी तेवढीच चूक होती. तेवढीच पुसायची होती.

साडेचार वाजता मी बसले आणि एका दमात लिहिलं. मला ते वाक्य अजून पाठ आहे. ‘सदर चिठ्ठी मी पूर्ण जाणिवेने, विभागाचे उत्तर म्हणून मा. मंत्री महोदयांकडे पाठविली. त्यातील माहिती संबंधित अभियंत्यांकडून आज सकाळी दूरध्वनीवर तपासून घेतली असून, यापूर्वी त्यांनी ती सात पत्रांद्वारे लेखीही कळविली आहे. पत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’ खाली सही. प्रती जोडायला पंधरा मिनिटं लागली, कारण टाचण्या बोटात जात होत्या.

मोहिले साहेबांनी खुलासा उभ्यानंच वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

“शालनताई, मी तुमच्या शेजारी होतो. तुमच्या हातांची गल्लत झाली. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“तुमच्या कानात बोळा होता, साहेब.”

“कानात होता, डोळ्यांत नव्हता.” ते हसले नाहीत. “हे खोटं आहे.”

“हो.”

“जन्मभर एक ओळ वेडीवाकडी लिहिली नाहीत आणि आज हे? यादी जानेवारीत आहे हो. पुन्हा कधी लागेल, काही भरवसा नाही.”

“माहीत आहे.”

“मग का?”

मी म्हटलं, “साहेब, पाच वाजत आलेत. तुमचा शेरा लागेल.”

शेरा मारायची जागा होती. तिथे त्यांनी ‘असहमत’ लिहिलं असतं किंवा ‘वस्तुस्थिती वेगळी’ एवढं जरी लिहिलं असतं, तरी माझा खुलासा कचऱ्यात गेला असता आणि ते स्वतः सुटले असते. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग त्यांनी शेरा न मारता नुसती सही केली आणि फाइल शिपायाकडे दिली. “जा आता,” मला म्हणाले. “आणि माझ्याशी चार दिवस बोलू नका.” आठ महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभातही त्यांनी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं निवेदन झालं नाही. अरगडे माझ्याशी पुन्हा कधी मऊ आवाजात बोलले नाहीत. जानेवारीच्या यादीत माझं नाव नव्हतं. गोपनीय अहवालात ‘उतावीळ, जबाबदारीचे भान कमी’ असं आलं आणि मला आवक-जावक शाखेत बसवलं. तिथे येणाऱ्या पत्रांवर शिक्के मारत मी तीन वर्षं काढली. रडले नाही, असं नाही. पहिल्या महिन्यात तर रोज संध्याकाळी वाटायचं, काय मूर्खपणा केला आपण! कोण ती इंदूबाई, कोणतं ते करंजखेड! एप्रिलमध्ये आश्वासन समितीचं एक पत्र माझ्याच शिक्क्याखालून गेलं. त्यात करंजखेडचं आश्वासन नऊ दिवस उशिरा का होईना, पूर्ण झाल्याची नोंद होती. मी त्यावर शिक्का मारला आणि पुढचं पत्र घेतलं.

बढती चार वर्षांनी मिळाली. त्यानंतर आणखी तीन वर्षांनी एका तपासणीसाठी त्या बाजूला जाणं झालं. काम दुपारीच संपलं. जीपच्या ड्रायव्हरला म्हटलं, करंजखेडवरून घ्या.

वसाहत आता जुनी वाटत होती. दारांपुढे तुळस, दोरीवर कपडे, भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाचं रंगवलेलं नाव. इंदूबाईचं घर विचारलं तर पहिल्याच पोरीनं दाखवलं. ती केसांनी पांढरी झाली होती, पण तिनं मला लगेच ओळखलं. मी बसते न बसते तोच तिनं अर्धी आळी गोळा केली.

“ह्याच थ्या बाई!” ती सगळ्यांना सांगत होती. “डहाके सायेबांनं सांगतलं होतं ना? मंत्र्याले चिठ्ठी देली, नोकरीची पर्वा नाही केली, ह्याच त्या. त्यायनं आपली तारीख लेहली!”

कुणी वाकून नमस्कार करायला लागलं. कुणी पोराला पुढे ढकललं. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. चहा आला. मला तिथे बसवेना. पदर उगाच सारखा करत राहिले. डहाक्यांना खुलाशाची फाइल कुठून तरी पाहायला मिळाली असणार आणि त्यात मी जे लिहिलं होतं, तेच या लोकांपर्यंत पोचलं होतं.

“इंदूबाई,” मी म्हटलं, “एक सांगायचंय. ती चिठ्ठी मी मुद्दाम पाठवली नव्हती. ती चुकून गेली. हातांची गल्लत झाली. मंत्र्यांना द्यायची ती दुसरीच होती.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इंदूबाईला ती थट्टा वाटली असावी, कारण ती आधी हसली.

“चुकून?”

“चुकून.”

“जाऊ द्या ना मंग,” ती म्हणाली. “चुकून तं चुकून. त्याच्या आंधी नऊ वर्षं समदे बरोबरच लेहत होते ना! कोन होता वं तो बरोबर लेहनारा? त्याले एकदा आनून दाखवा आमच्यापाशी.”

सगळी आळी हसली. म्हातारासुद्धा हसला. मी हसण्याचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

“ते मीच लिहीत होते,” मी म्हटलं.

हसणं एकदम थांबलं नाही, ज्यांना ऐकू आलं नव्हतं ते अजून हसत होते. इंदूबाई माझ्याकडे बघत राहिली. मीही नजर खाली घातली नाही, निदान तेवढं तरी त्या दिवशी जमलं. मग तिनं कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “च्या घ्या बाई. थंडा होऊन राह्यला.”